फोनचं दुखणं

वर्ध्याच्या बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. कानावर दात कोरायची काडी खोचलेली. कोणाचाही फोन हातात आला की आधी तो शर्टाला पुसतात, मग नाडी पाहावी तसा अंगठा त्यावर ठेवतात.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. गेल्या महिन्यात माझा फोन चार्जच होईना. नवी वायर आणली, तरी नाही. शोरूमवाला म्हणाला, याचं वय झालं, आता सगळ्यात भारी मॉडेल घ्या, हप्ते पाडून देतो. मी हो म्हणून बसलो होतो. फक्त जुन्यातले फोटो काढून घ्यायचे, म्हणून या गृहस्थांकडे गेलो.

त्यांनी कानावरची काडी काढली, चार्जिंगच्या भोकात घातली आणि हळूच फिरवली. दाबून बसलेला करड्या कापसाचा गोळा बाहेर आला.

"फोन धडधाकट हाये, भाऊ. तुमीच त्याले कापूस चारून राह्यले."

वायर लावली. हिरवी बॅटरी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. तरी हौस सुटेना, म्हणून विचारलं, "मंग भारीवाला घेऊ का नको?"

त्यांनी काडी पुसून परत कानावर खोचली. "घ्या ना. पण तो बी जिनिंगमंदीच जाईन ना?"

परतताना शोरूमवाल्यानं दारातून हात केला. मीही केला, पण गाडी थांबवली नाही.

आता कामावर माझा फोन खिशात नाही, डब्याच्या पिशवीत असतो. त्याला लोणच्याचा वास येतो, पण चार्ज होतो.