अजून उतरू द्या!

तुमाला सांगतो, खेळण्यांच्या दुकानात मोठी माणसं बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. परभणीत अन्वरभाईंचं दुकान. दर रविवारी तिथं आमी तिघं: चुडाव्याहून रेल्वेनं येणारा नितीन, शाळेतले गंगाधर सर अन् मी. तिघंबी लेकराबाळांचे बाप, अन् जमवायचो काय, तर 'सप्तवीर' सिरीजच्या बाहुल्या! आमी 'फिगर' म्हणायचो. तेवढीच इज्जत!

कंपनी सुट्टा माल द्यायची नाही, सात जणांचा अख्खा बॉक्स. दर बॉक्समधून आमी सेनापती तेवढा उचलायचो, बाकी सगळे हुकाला लटकलेले. अन्वरभाई वैतागले, "नवरदेव तेवढा पळवला! आता वऱ्हाड मी सांभाळू का?"

वऱ्हाडासाठी आमचं एकच पालुपद, "अजून उतरू द्या!" भाव पडला की एकेक न्यायचो, तेबी रडतखडत.

नितीननं तर कहर केला. भाव पडायच्या आधी दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून शेवटचा उरलेला तिरंदाज कॅरम बोर्डांमागं लपवला! अन्वरभाईंना वाटलं, खपला. त्यांनी नवा बॉक्स मागवला. पुढं कॅरम विकताना जुना तिरंदाज सापडला, तर नितीन म्हणतो कसा, "आता तर दोन झाले. आता तरी उतरू द्या!"

सर फिगरचा डबा कधी फोडायचे नाहीत. त्यांची पोरगी एकदा म्हणाली, "पप्पा, यांना कोंडून कशाला ठेवलंय?" सरांनी आमाला हसत हसत सांगितलं, अन् मग हुकावरचा एक डबा काढून उगंच न्याहाळत बसले.

एक दिवस कंपनीनं सिरीजच बंद केली. आमी हळहळलो, "लय भारी सिरीज होती हो!"

"भारी होती, तर सेनापती सोडून एक तरी पुऱ्या भावात नेली का मियाँ?" अन्वरभाईंनी विचारलं.



नितीन पुण्याला गेला. सरांची चारठाण्याला बदली झाली. फोनवर दोघंबी "येतो, येतो" म्हणतात. रविवारी स्टुलावर मी एकटाच. खरं सांगतो, लय एकटं वाटतं. अन्वरभाईंची पोरं हैदराबादला, अन् गिऱ्हाईक सगळं मोबाईलवर मागवतं.

हुकाला एकच उरली होती, वैद्यीणबाई. तेवढी मिळाली की माझे सात पूर्ण होणार होते. परवाच्या रविवारी ठरवलं, बास झालं! पुऱ्या भावाचे पैसे काउंटरवर ठेवले.

अन्वरभाईंनी तिला काढलं, फडक्यानं धूळ पुसली, पिशवीत घातलं. पिशवी देता देता म्हणाले, "मग पुढच्या रविवारी कशाला येशील?"

मी तिला पिशवीतून बाहेर काढलं अन् लेबल बघितलं.

"लय महाग हाय अन्वरभाई! अजून उतरू द्या!"

त्यांनी पैसे माझ्याकडं सरकवले अन् तिला परत हुकाला अडकवलं.

"बघू," म्हणाले. "रविवारी ये."