निमुळतं टोक खाली

ताई माझी मोठी बहीण. अंडी उबवायच्या कारखान्यात मला तिनेच चिकटवलं. मी ट्रॉल्या ओढायचो, ती ट्रे भरायची. ट्रे भरणं म्हणजे काय ते सांगितलं की लोक हसतात. अंडं उचलायचं, निमुळतं टोक खाली, रुंद टोक वर, खाचेत बसवायचं. दिवसभर तेच. सोपं आहे, पण सकाळी बरोबर आणि दुपारी चूक असं चालत नाही. दमलेल्या हातानेही तेवढंच नीट बसवावं लागतं.

ताईचा हात सगळ्यांत जलद. बाकीच्या बायका तिला शिलाई मशीन म्हणायच्या. ती मान वर न करता म्हणायची, "तुम्ही टाचण्या लावा, शिलाई मी घालते."

रुंद टोक वर का, ते आधी सांगतो. फलित अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा बलकावर एक फिकट ठिपका असतो. तेच पिल्लू. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार असं त्याचं काम आतच सुरू झालेलं असतं. बाहेर गार लागलं की ते थांबतं, मशीनमध्ये ऊब मिळाली की पुढे चालू. दोनतीन दिवसांत रक्ताच्या बारीक रेघा पसरतात आणि मध्ये हृदय उडायला लागतं, शरीर म्हणावं असं काही नसताना. मग डोळा, डोक्याच्या मानाने भलताच मोठा. अंगाला चार कोंब फुटतात. पंख कुठला आणि पाय कुठला, ते सुरुवातीला ओळखू येत नाही. मग बोटं, चोच, नखं, लव.

इतके दिवस ते कवचाखालच्या रक्तवाहिन्यांतून हवा घेत असतं. रुंद टोकाला एक हवेची पोकळी असते. शेवटी पिल्लू डोकं त्या बाजूला वळवतं, उरलेला बलक पोटात ओढून घेतं, चोचीने पडदा फोडतं आणि फुप्फुसाने पहिला श्वास घेतं. त्या श्वासाच्या जोरावर कवच फोडतं. अंडं उलटं लागलं तर पुष्कळदा डोकं निमुळत्या टोकाकडे जातं. तिथे हवा नाही. काही पिल्लं तरीही कशीबशी निघतात. बाकीची पूर्ण होऊन मरतात.

नेहमीच्या अंड्याचं टोक बोटांना कळतं. अडचण गोल अंड्यांची. नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्या लहान, गोलसर अंडी घालतात. त्यासाठी प्रत्येक टेबलावर भोक पाडलेल्या डब्यात एक दिवा असायचा. अंडं भोकाशी धरलं की पोकळी उजळ दिसते.

भावजी गेल्यापासून ताई एका खोलीत एकटी राहायची. मुलाला तिने याच टेबलाशी उभं राहून वाढवलं होतं. तो लग्न करून वेगळा झाला, त्याला मूल झालं आणि सुनेला सासूची आठवण यायला लागली. येतील तेव्हा एकच, आता नोकरी सोडा, आमच्याकडे या. ताई मला म्हणायची, "तिला सासू नकोय, बाई हवीय. पगार न घेणारी." नोकरी होती तोवर खोली होती, आणि खोली होती तोवर तिला कुणी हलवू शकत नव्हतं. निवृत्तीनंतरही पेन्शनवर ती खोली टिकली असती. त्याला थोडीच वर्षं उरली होती.

त्या वर्षी नवीन कोंबड्यांची अंडी आली. पिल्लं निघायच्या दिवशी हॅचर हे शेवटचं मशीन उघडलं, तर निळ्या क्लिपांच्या ट्रेमध्ये न फुटलेली अंडी भलतीच जास्त. निळी क्लिप ताईची. कारखान्याच्या कोंबड्यांच्या डॉक्टर मॅडमनी त्यातली अंडी फोडून बघितली. एकामागून एक, पूर्ण पिल्लं. डोकी निमुळत्या बाजूला.

सुपरवायझर तिथेच होता. त्याला आम्ही थर्मामीटर म्हणायचो, कारण तो कुठेही गेला तरी ताप किती तेवढंच बघायचा. तो फोडलेल्या अंड्यांचा ट्रे घेऊन मॅडमबरोबर ताईच्या टेबलाशी गेला. मी तिथे रिकामी ट्रॉली लावत होतो. गोल अंडी दिव्यावर बघून लावतेस ना, असं त्याने विचारलं. ताई म्हणाली, एकूण एक. आणि खरंच, तेव्हाही तिच्या हातात एक अंडं होतं, ते तिने भोकाशी धरलं, फिरवलं, निरखलं आणि खाचेत बसवलं. कुणालाही वाटावं, काम असं असावं.

थर्मामीटरने भोकावर बोट ठेवलं. मग डब्याचं झाकण काढून बल्बला हात लावला.

"दिवा कधी गेला?" त्याने विचारलं.

"दिवा चालू आहे की," ताई म्हणाली.

बल्ब गार होता. तार तुटून आत लोंबत होती. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. दुसऱ्या कुठल्याही बाईने पहिल्याच अंड्याला आरडाओरडा करून नवा बल्ब मागितला असता. थर्मामीटरला ओरडायचं होतं, त्याचं तोंड उघडलेलंही होतं, पण त्याने डब्याचं झाकण तेवढं परत लावलं.

मॅडमनी तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला का नाही सांगितलंत, असं त्या म्हणाल्या. ताईने हनुवटी सोडवून घेतली. मला उत्तर माहीत होतं. ऑपरेशन म्हणजे मुलाला सांगणं, आणि मुलाला सांगणं म्हणजे खोली जाणं.

तिने ट्रेमध्ये हात घातला. एक मेलेलं पिल्लू तळहातावर घेतलं आणि बोटांनी चाचपलं. पंख, पाय, चोचीच्या टोकावरचा तो कवच फोडायचा बारीक दाणा.

"सगळं झालं होतं याचं," ती म्हणाली. "नखंसुद्धा."

नंतर तिने हात पुसले आणि पुढचं अंडं उचललं. थर्मामीटरने ते तिच्या हातातून काढून घेतलं. ओढून नाही, हळूच.

मुलाला बोलावलं. त्याने ऑपरेशन करवलं, चांगल्या ठिकाणी करवलं, त्यात खोट काढायला जागा नाही. एक डोळा, मग दुसरा. ती परत आली तेव्हा टेबलावर दुसरी बाई होती. कुणीतरी भरायलाच हवं होतं. ताईला ट्रे धुवायच्या अंगणात जागा देऊ म्हणाले. तिथे पूर्ण पाळी ओल्यात वाकून काम. तिने आठवडाभर केलं. गुडघे सुजले. मुलगा म्हणाला, पुरे आता आई, आणि भाऊ म्हणून मी काहीतरी बोलेन या आशेने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तिचं ती ठरवेल. ठरवायला काही उरलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

खोलीची किल्ली मीच घरमालकाला दिली.

परवा तिला भेटून आलो. नातू झोपलेला, ताई धुतलेले कपडे घडी करत बसलेली. हात अजून तसाच जलद. सूनबाई चहा ठेवून आत गेल्या, कप जरा आदळला. मी डोळे कसे आहेत असं विचारलं.

"छान दिसतं," ती म्हणाली. "मी जेवायला बसले की ती नवऱ्याकडे कशी बघते, तेही दिसतं."

मी चहा पिऊन टाकला. तिने आतून हाक यायच्या आधीच कप उचलला आणि विसळायला गेली.