आईचा व्यवसाय

आमच्या कॉलेजच्या जिन्यात एका इंग्रज बाईचं मोठं तैलचित्र होतं. काळा रेशमी पोशाख, मांडीवर ठेवलेले हात. एकोणिसाव्या शतकात नवरा वारल्यावर तिने त्याचा लोखंडाचा कारखाना स्वतः चालवला, वाढवला आणि त्या मिळकतीतून गावात दवाखाना, शाळा आणि आमचं कॉलेज उभं केलं. चित्राखालच्या पितळी पाटीवर मात्र एवढंच होतं: अमक्या कारखानदाराची विधवा, दानशूर. पहिल्या वर्षी मी तिच्यावर निबंध लिहिला. इतकी वर्षं भट्ट्या पेटत्या ठेवणाऱ्या बाईचं काम पाटीवर का नाही, असं त्यात जरा रागानेच विचारलं होतं. शिक्षकांना तो आवडला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ते कौतुक मला बरेच दिवस पुरलं.

सरकारी ग्रँटमध्ये माझं भागत नव्हतं. चित्रातल्या बाईंच्या नावाच्या निधीतून मदत मिळाली नसती, तर कॉलेज सोडावं लागलं असतं. अर्जावर आईची सही हवी होती, म्हणून ईस्टरच्या सुट्टीत फॉर्म घेऊन लंडनजवळ पिनरला घरी आले.

आई पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. बाबा गेल्यापासून ती शाळेचे युनिफॉर्म शिवायची. शेजारच्या दोघीजणी तिच्याकडून बेतलेलं कापड शिवायला घेऊन जायच्या. संध्याकाळच्या क्लासात इंग्रजी शिकलेली आई फॉर्मवर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. एका ठिकाणी बोट थांबलं. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘विडो’, म्हणजे विधवा, असं लिहिलं होतं.

“हा व्यवसाय असतो होय गं?” तिने विचारलं.

निधीच्या कमिटीला दया येईल असं वाटलं, हे मी कबूल केलं. तुझी कमाई दिसली तर मदत कमी होईल, असंही पुटपुटले. ती चिडली नाही. टेबलावरचं पेन तिने माझ्याकडे सरकवलं.

“मग कमी मिळू दे. पण मी दिवसभर काय करते ते लिही.”

मी शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘शिवणकाम, स्वतःचा धंदा, दोघींना काम देते.’ त्यानंतरच तिने सही केली.

मुलाखतीत कमिटीतल्या एका बाईंनी त्या खाडाखोडीबद्दल विचारलंच. मी अडखळत सगळं सांगितलं, निबंधाचंही. पाटी लिहिणाऱ्यावर मी रागावले होते आणि फॉर्म भरताना मीही तेच केलं होतं, हे मला तिथे बोलता बोलता नीट कळलं. मदत मिळाली, पण मागितली होती त्यापेक्षा कमी. उरलेल्या खर्चासाठी मी शनिवारी एका दुकानात काम करू लागले.

पदवीदानाला आई आली, तेव्हा तिला चित्रापाशी नेलं. तिने पाटी वाचली आणि मग बराच वेळ तो पोशाखच न्याहाळत राहिली.

“बाही सुंदर बसवलीय,” ती म्हणाली. “पण एवढा घेर सांभाळत ही भट्टीजवळ वावरायची कशी?”

माझ्या निबंधात त्याचं उत्तर नव्हतं.