विहीणबाईंचं कामाचं कार्ड

साऱ्या खानदेशात, तापीच्या अलीकडे आणि पलीकडे, घरातल्या एकुलत्या एका एसीखाली माणसांऐवजी यंत्राला बसवणारी बाई एकच आहे आणि ती नेमकी माझी विहीण आहे. रेवा, ईशान, तुम्ही त्यांना धुळ्याची आजी म्हणता आणि मला जळगावची. तुम्हाला दोघी सारख्याच, असं तुमचे बाबा मला फोनवर सांगतात. ते माझे चिरंजीव आहेत आणि त्यांच्या सासूबाई शेजारीच राहत असल्यासारखं जपून बोलतात. पण धुळ्याच्या आजीविषयी कोणीतरी नीट, क्रमवार लिहून ठेवायला हवं, आणि आमच्या दोघींत नीट लिहिण्याची सवय मला आहे. निदान तेवढी तरी गोष्ट माझ्याकडे असू द्या.

तुमची आई लहान होती तेव्हा धुळ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तुमचे तिकडचे आजोबा फोटो काढायचे आणि विहीणबाई आत बसून बारीक ब्रशनं लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसायच्या. आजोबा गेल्यावर त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि लग्नाच्या फिल्म करू लागल्या. साधी फिल्म त्यांच्या हातून कधी झालीच नाही. नवरदेवाचा घोडा मारुतीच्या देवळापासून निघाला, की त्यांच्या फिल्ममध्ये तो लळिंगच्या किल्ल्यावरून उडत मांडवात उतरायचा. नरडाण्याच्या एका लग्नात त्यांनी नवरीला कमळातून बाहेर काढलं आणि वरमाईला ढगावर बसवलं. वरमाई अंगानं भरलेल्या होत्या, म्हणून ढग मधोमध दबलेला दाखवला. त्या घरानं पुढे कित्येक वर्षं यांच्याशी बोलणं टाकलं. विहीणबाईंना त्याचं काही नाही. "वजन असलं की ढग दबणारच," त्या म्हणाल्या. "मी खोटं दाखवत नाही." ही त्यांची खोड लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

वय झाल्यावर लोक पोथी वाचतात, फार तर बागेत फिरतात. विहीणबाईंनी स्टुडिओची जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली आणि संगणकावर थ्रीडी चित्रं हलवायला शिकल्या, नातवंडांसाठी कार्टून करायचं म्हणून. तिथून माझे रविवार बिघडले. तुम्हाला आठवत असेल, रविवारी तुमची सकाळ आणि माझी संध्याकाळ जुळते, तो फोन माझा. मी आधी केस नीट करते, मागे पुस्तकांचं कपाट येईल अशी बसते, सांगायची गोष्ट मनात घोळवून ठेवते. आणि तुम्ही फोन उचलल्याबरोबर म्हणायचात, "आजी, धुळ्याच्या आजीची खार पाहिलीस का? तिच्या शेपटीचा एकेक केस हलतो." मी पाहिली होती. केस खरंच हलत होते. मीही मग मोज्याची बाहुली करून पाहिली. रेवा, तू फार प्रेमानं विचारलंस, "आजी, हा मोजा का बोलतोय?" तो मोजा मी पुन्हा पायात घातला.

पुढे त्यांनी संगणकात बसवायचं, चित्रं भराभर तयार करणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं; त्या कार्डाची खरेदी मी स्वतः पाहिली आहे. नाशिकच्या दुकानात विहीणबाईंनी मला सोबत नेलं, कारण खोक्यावरचं इंग्रजी वाचायला माणूस हवं होतं. मी चष्मा लावून दोन ओळी वाचेपर्यंत त्यांनी दुकानदाराची तोंडी परीक्षा संपवली होती. त्यानं मोठं, तीन पंख्यांचं, लाल-निळे दिवे लागणारं कार्ड पुढे केलं. "अक्का, हे न्या. सगळी पोरं हेच नेतात. रंग बदलतं बघा."

विहीणबाई एरवी माझ्यासारखंच बोलतात. तापल्या की मात्र अहिराणी येते. "हाई दिवाळीनी माळ माले नको, भाऊ. माले कामनं कार्ड दे."

मग त्यानं आतून एक काळं, सडपातळ, दिसायला अगदी शाळेच्या पट्टीसारखं कार्ड आणलं. ते दिव्यांच्या कार्डापेक्षा महाग होतं. मी भुवया उंचावल्या, तर परतीच्या गाडीत मला व्याख्यान मिळालं. खेळायचं कार्ड वेगळं, कामाचं वेगळं. कामाच्या कार्डाची आणि सॉफ्टवेअरची पत्रिका आधीच बघितलेली असते, कंपनीनं दोघांना एकत्र चालवून पाहिलेलं असतं. "खेळायचं कार्ड म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न, विहीणबाई. धावतं जोरात. पण मध्येच बिनसलं तर बैठकीला बोलवायचं कोणाला?" शिवाय याची मेमरी मोठी, म्हणजे रावेरचा अख्खा केळीचा मळा पानापानासकट त्यात मावतो. मी विचारलं, संगणकात आधीच एक मेंदू असताना हा दुसरा कशाला? त्या म्हणाल्या, "तो मेंदू म्हणजे खापरावर मांडे करणारी सुगरण. हुशार, पण एका वेळी एकच मांडा. कार्ड म्हणजे उन्हाळ्यात पापड लाटायला बसलेली अख्खी गल्ली. प्रत्येकीच्या हातात छोटी गोळी, पण बसल्या की दुपारपर्यंत डबे भरले." मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, आणि इतका चांगला दाखला मला एकदाही सुचला नव्हता. धुळ्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते.

कार्ड घरी आल्यावर त्याचा थाट सुरू झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आंबे घेऊन गेले, तर मला बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसवलं आणि आतल्या एसीत ते. "आत या की," त्या म्हणाल्या, "पण पाय धुऊन या आणि दार लगेच लावा. गार हवा जाते." हिवाळ्यात याच्या उलट. चित्रं तयार होत असताना यंत्राच्या मागून गरम हवा येते, तिथे त्या विरजणाचं पातेलं ठेवतात. जुनं यंत्र इतकं सावकाश काम करायचं की एक प्रसंग तयार होईपर्यंत दही घट्ट. "आज दही छान लागलंय," असं फोनवर म्हणाल्या की समजायचं, काम लांबलं. नवं कार्ड आल्यावर मी मुद्दाम विचारलं, काही तोटा? त्या जरा विचार करून म्हणाल्या, "एकच. दूध विरजायच्या आत काम संपतं."

आता मुख्य गोष्टीकडे येते. फिल्म नाही, बोलणारा मोजा नाही, तरी माझ्याजवळ एक वस्तू अशी होती जी धुळ्यात नव्हती. उलटेनाना. रावेरच्या केळीच्या मळ्यातला म्हातारा ट्रॅक्टर, ज्याला फक्त मागे चालता यायचं. पुढे काय आहे ते नानाला कधी कळत नसे, पण मागे राहिलेलं सगळं शेवटपर्यंत दिसत असे. हा नाना मी तुमच्यासाठी एका रविवारी बोलता बोलता घडवला. प्रत्येक वाक्याआधी तो खोकायचा, आणि खोकला मीच काढायची. ईशान, तू हसून खुर्चीवरून घसरला होतास. मग एका रविवारी तुम्ही दोघं एकदम बोललात. "आजी, उलटेनानाची फिल्म येणार. धुळ्याची आजी करतेय. आम्ही तिला सगळी गोष्ट सांगितली."

मी छान म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळची धुळ्याची एसटी पकडली. एरंडोलपर्यंत मी बोलायची वाक्यं तयार केली, पारोळ्यापर्यंत त्यांतली कठोर निवडली आणि धुळ्याचं स्टँड येईपर्यंत ती पाठ केली. पहिलं वाक्य होतं, "विहीणबाई, दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलताना निदान विचारायची पद्धत असते." दार उघडलं. माझं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. नाना खोकतच नाही."

त्यांनी स्वतःचा आवाज देऊन पाहिला होता आणि तुम्हाला तुकडा पाठवला होता. तुम्ही त्यांना कळवलं होतं की नाना असा बोलत नाही. त्यांनी ही गोष्ट मला अगदी सरळ सांगितली, वेळ सांगावी तशी. मी पाठ केलेली वाक्यं बाजूला ठेवून चपला काढल्या. मला आतल्या खोलीत नेलं. माइकला एसीचा आवाज जातो म्हणून एसी बंद केला. लक्षात घ्या, कार्डासाठी लावलेला एसी माझ्या खोकल्यासाठी बंद झाला. त्या घरात याहून मोठा मान नाही. भिंतींना गोधड्या टांगल्या, मी घामाघूम होऊन खोकत राहिले, आणि विहीणबाई कानाला हेडफोन लावून मान हलवत राहिल्या.

"असं नाही. हा माणसाचा खोकला झाला."

"मग कोणाचा हवा?"

"डिझेलचा. थंडीतला."

डिझेलचा खोकला त्यांना एकदाचा पटला. मी रविवारपर्यंत तिथेच राहिले. मळ्याच्या पानांवर ऊन पडलं, नाना उलटा चालू लागला, मागच्या ट्रॉलीत एक मुलगा आणि एक मुलगी बसवली होती, ती तुम्ही. खोटं दाखवायचं नाही हा त्यांचा नेम. मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा त्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं तुमच्या उंचीच्या खुणा केल्या होत्या. चित्रातली मुलं घडवताना त्या टेप घेऊन उठल्या, खुणा मोजल्या आणि तेच माप यंत्रात घातलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. कार्डानं काम झटक्यात संपवलं, दूध दूधच राहिलं, फिल्म तुमच्याकडे गेली.

रविवारी आम्ही दोघी एकाच फोनपुढे बसलो. रेवा, तू फिल्म पाहिलीस, नाना खोकला तेव्हा हसलीस, मला फार बरं वाटलं. मग तू विचारलंस, "पण ट्रॉलीतली ती छोटी मुलं कोण आहेत?"

तू काही चुकीचं विचारलं नव्हतंस. मागून एक जाड आवाज आला, "रेवा, ती आपण आहोत." मला वाटलं तुमचे बाबाच बोलले. तो ईशान होता, आवाज नुकताच फुटलेला. विहीणबाई म्हणाल्या, "उभा राहा बरं, बेटा. फोन जरा मागे घ्या." तुमच्या बाबांनी फोन लांब धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्ही दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसलात. एरवी फोनवर फक्त चेहरे येतात, आणि चेहरे आम्हाला ओळखीचेच वाटत राहिले. ईशानचं डोकं बाबांच्या कानापर्यंत पोचलं होतं. आणि रेवाच्या अंगात मी ईशानसाठी विणून पाठवलेला स्वेटर होता. मलाही माप तेच माहीत होतं ना, चौकटीवरचं.

फोन ठेवल्यावर विहीणबाई त्या चौकटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "चालायचंच, एवढं चांगलं कार्ड, पुन्हा काढता येईल."

"ती खारीची फिल्म आठवते?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. "ईशानला खार आवडते म्हणून सुरू केली. जुनं यंत्र. पूर्ण होईपर्यंत तो म्हणाला, आजी, मी आता मोठा झालो, रेवाला दाखव." मग अहिराणीत म्हणाल्या, "यंत्र हळू चालस, इहीनबाई, आन पोरे पटपट वाढतस. म्हनीसन कार्ड लिधं. माले वाटनं, आते तरी गाठसू."

एवढे दिवस मला वाटत होतं, ते कार्ड मला मागे टाकायला आणलं आहे.

त्यांनी खुर्ची ओढली. मी तुमच्या बाबांना फोन करून तुमची नवी उंची विचारली आणि आकडे वाचून दाखवले. मुलं उंच केली तर पाय ट्रॉलीबाहेर लोंबू लागले. मग ट्रॉली लांबवली, ट्रॉली लांबवली म्हणून मळ्यातली वाट रुंद केली, आणि प्रत्येक प्रसंग पहिल्यापासून काढावा लागला. गल्लीतल्या सगळ्या बायका पुन्हा पापडाला बसल्या म्हणा. त्या दिवशी यंत्रामागचं दही लागलं. आम्ही ते खिचडीबरोबर खाल्लं. चांगलं लागलं होतं, हेही लिहून ठेवते.

जुनी फिल्म पुसू नका, असं मी म्हटलं. "पुसतंय कोण," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघींनी ती एसीत बसून पुन्हा पाहिली, लहान मुलांची. निघताना त्यांनी ती पेन ड्राइव्हवर घालून मला दिली. मूळ त्यांच्याकडेच आहे, माझ्याकडे नक्कल. दोन्हींत काही फरक नसतो असं त्यांनी मला नीट समजावलं आहे. पण एसटीत बसल्यावर मला तो फरक जाणवत होता.

ईशान, तुला आता नानाची गोष्ट नको असेल, तर राहू दे. रेवा ऐकत असेल तेव्हा जाता-येता क्षणभर दारात थांब, म्हणजे झालं. खोकायला मी आहेच. आणि दोघांनाही एक सांगणं. रविवारी फोन हातात धरू नका. लांब टेबलावर ठेवा आणि मागे सरकून उभे राहा, पाय दिसतील इतके. किती वाढलात ते मला सांगा. धुळ्याला नंतर कळवलं तरी चालेल.