मोरनीची मुसकी

वरातीत लोकांनी बघावं कुणाकडे, बँडकडे की घोडीकडे? मी आसेगावचा विनोद, मिसरूड फुटायच्या आधीपासून ताशा बडवतोय, त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण रामीबाईची मोरनी ज्या वरातीत असायची, तिथे आम्हाला कुणी विचारायचंच नाही. पांढरीशुभ्र घोडी, गळ्यात लाल गोंडे, आणि माझ्या ठेक्यावर पाय उचलून नाचायची. ठेका माझा, कौतुक तिचं. मला तिचा असा राग यायचा की एकदा मी मुद्दाम ठेका चुकवून पाहिला. ती जागच्या जागी थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. सगळी वरात मला हसली. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली.

रामीबाई मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. दिवाळी सरली की तिचा अर्धा तांडा ऊसतोडीला निघायचा. ती आणि तिचा नवरा अमरसिंगही जायचे, नवीन आणि निता या दोन पोरांना घेऊन. उसाच्या फडात पोरांना कसली शाळा? निता पाटीवर अक्षरं गिरवायच्या वयात उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करत होती. एका वर्षी फडावरून परत आल्यावर रामीबाईनं कोयता आढ्याला खोचला आणि म्हणाली, आता हा पुन्हा काढायचा नाही. तिच्या माहेरी घोडी असायची, त्यामुळे घोडीची तिला भीती नव्हती. अंगावरचं किडूकमिडूक मोडून तिनं मोरनी आणली.

बाईमाणूस घोडीचा लगाम धरून वरातीत चालतं म्हणून लोक आधी तोंडाला पदर लावून हसले. रामीबाईचं लक्षच नव्हतं. पहिल्याच हंगामात तिला इतक्या वराती मिळाल्या की ते कुटुंब पुन्हा फडावर गेलं नाही. निता शाळेत बसली ती थेट नर्स होऊन बाहेर पडली. नवीन आता शेलूबाजारात जीप चालवतो. त्या घरात जे काही उभं राहिलं ते मोरनीच्या चार पायांवर, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मोरनी गेली तर पुन्हा कोयता, हे रामीबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता त्या डाळीबद्दल सांगतो, कारण सगळी भानगड तिचीच आहे. आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसला की त्याच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची. हा करवलीचा मान. ताट शिगोशीग भरलेलं, वर गुळाचा खडा. ताट जेवढं मोठं तेवढी भावावर माया मोठी, अशी बायकांची समजूत. मग सख्ख्या बहिणीनं चारली तर चुलत बहीण कशाला मागे राहते? आणि मावसबहिणीनं काय घोडं मारलंय? मोरनीला तर डाळ जीव की प्राण. दाट तिथीला सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशा वराती असायच्या, आणि प्रत्येक दारात ती ताटं फस्त करायची. आम्ही सगळे कौतुकानं बघत राहायचो.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. शेलूबाजारला हायवेकाठच्या मंगल कार्यालयात आम्ही दुपारची वरात पोचवली. नवरदेव उतरला, आणि मोरनी पुढच्या पायानं जमीन खरवडायला लागली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, पुन्हा खरवडायची. मग ती बसली आणि गोंड्यांसकट धुळीत लोळायला लागली. अंग घामानं निथळत होतं. रामीबाईचा चेहरा पांढरा पडला.

आमच्या वऱ्हाडच्या मुलखात प्रत्येक शेतकरी बैलाचा अर्धा डॉक्टर असतो. बैल फुगला की बांबूच्या नळ्यानं गोडंतेल आणि ताक पाजायचं, हे औषध आमच्या हाडीमांशी खिळलेलं. एक आजोबा कुठूनतरी नळा घेऊन आलेच. दोघांनी मोरनीचं डोकं वर धरलं. तोवर मी प्रसेनजितला फोन लावला होता. प्रसेनजित आमच्या आसेगावचाच पोरगा, मानोऱ्याच्या दवाखान्यात जनावरांचा डॉक्टर. नशीब जोरावर म्हणून त्या दिवशी तो मंगरूळच्या बाजूला लसीकरणाला आला होता.

"काका, तिच्या तोंडात काईच घालू देऊ नका," तो फोनवर म्हणाला. "तेल फुफ्फुसात गेलं त जागेवर मरन ते. तिले उठवा, हळूहळू चालवत राहा. मी निघालोच."

मी ते ओरडून सांगितलं. आजोबा ऐकेनात. त्यांनी साऱ्या आयुष्यात कितीतरी बैल असे उठवले होते. रामीबाईनं नळ्यावर हात ठेवला.

"बाबा, हात जोडते तुमाले," ती म्हणाली. "बैलाचं औषध बैलालेच द्या. माही घोडी सोडा."

मग आम्ही चौघांनी रेटून मोरनीला उभं केलं आणि रामीबाई तिला मंगल कार्यालयाच्या मैदानात फिरवायला लागली. ती लोळायला बसू पाहायची, रामीबाई तिच्या कानात काहीबाही बोलत ओढायची. संध्याकाळच्या लग्नाची माणसं घोडी न्यायला आली आणि नवरदेव खोळंबलाय म्हणून तणतणायला लागली. माझी जीभ तशीही कधी जागेवर राहत नाही. मी म्हटलं, नवरदेवाला म्हणावं पाय दिलेत देवानं, चालत ये. रामीबाईनं वळूनही पाहिलं नाही.

प्रसेनजित मोटरसायकल पाडूनच उतरला. पोटाला नळी लावून ऐकलं, दोन्ही बाजूंनी ऐकलं, म्हणाला, पोट पार गप्प आहे. कळ थांबायचं इंजेक्शन दिलं. मग नाकपुडीतून लांब रबरी नळी आत सरकवली, ती श्वासाच्या वाटेला गेली नाही ना हे दोनदा तपासलं, आणि फुगलेली आंबूस डाळ पाण्यासोबत बाहेर यायला लागली. त्यानंतर त्याच नळीतून औषधी तेल. वासानं नाक दाबून उभं राहिलेलं आख्खं वऱ्हाड बघत होतं. आतमध्ये भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि अक्षता टाकायला मंडपात कुणी नव्हतं.

पुन्हा फिरवणं सुरू झालं. ऊन कललं. प्रसेनजित मधून मधून पोट ऐकायचा आणि मान हलवायचा. मग एकदा ऐकता ऐकता त्यानं हात वर केला. गुरगुर सुरू झाली होती. थोड्या वेळानं मोरनी थांबली, शेपटी उचलली आणि तिनं लीद टाकली. अहो, काय सांगू तुम्हाला, असा आनंद मी कुठल्या लग्नात पाहिला नाही. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. माझे हात आपोआप ताशावर पडले, मागून ढोल, मागून क्लॅरिनेट. घोडीच्या लिदीसाठी बँड वाजवणारा जगात मी एकटाच असेन, आणि मला त्याचा अभिमान आहे.

रामीबाई धुळीत बसली होती. प्रसेनजित तिच्याजवळ टेकला.

"काकू, मानसाचं पोट जास्त भरलं त तो ओकून मोकळा होते," तो म्हणाला. "घोड्याले ओकताच येत नाई. पोटात गेलं ते खालीच जाव लागते, अन् हे दाळ त पोटात फुगते. आज वाचली. पुन्हा असं झालं अन् मी वेळेवर पोचलो नाई, त संपलं समजा."

"आजपासून एक दाना नाई," रामीबाई म्हणाली.

त्यानंतर मोरनीचे जे लाड सुरू झाले ते विचारू नका. हंगामाआधी धनुर्वाताची सुई, लीद तपासून जंताचं औषध, खुरांची तासणी, आणि कानस लावून दात घासणं. माझी दाढ दोन वर्षं ठणकतेय, तिच्याकडे कुणी पाहत नाही, पण घोडीच्या दातांना डॉक्टर घरी येतो. शिवाय रामीबाईला एक नवीच सवय लागली. वरात निघायच्या आधी ती मोरनीच्या पोटाला कान लावायची, आधी डावीकडून, मग उजवीकडून. तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं. डीजेवाल्याला तिनं एकदा असं झापलं की त्यानं मुकाट्यानं मशीन बंद केली.

पण डाळीचं काय? बायका काही ऐकायला तयार नव्हत्या. प्रसेनजितनं सुचवलं, मूठभर वाळलं गवत चारा. एका करवलीनं विचारलं, मानाच्या ताटात गवत ठेवू काय? आणि रामीबाईची पाठ वळली की कुणीतरी पदराआडून मूठ पुढे करायचंच. शेवटी तिनं बैलाला मळणीच्या वेळी बांधतात तशी मुसकी मोरनीच्या तोंडाला बांधली. त्यावर तर गहजब झाला. नवरदेवाच्या घोडीला बैलाची मुसकी, अपशकुन की काय! तेव्हा रामीबाईनं घरी बसून नवी मुसकी विणली, तांड्यातल्या बाया आपल्या घागऱ्याला लावतात तसे आरसे आणि कवड्या लावून. नाकपुड्या मोकळ्या, पाणी पिता येईल एवढी सैल. उन्हात ती अशी चमकायची की करवल्या आधी भांडायच्या आणि नंतर तिच्यासोबत फोटो काढायच्या.

तरी कुरबुर होतीच. तांड्याचे नायक खेमा, जुन्या वळणाचे, त्यांनी एकदा सगळ्यांदेखत ऐकवलं, "रामी, लोकायच्या पोरीचा मान तोडून राह्यली तू. तुह्या घरी लगन निंगू दे, तवा पाहू मुसकी राह्यते का निंगते."

आणि यंदा निघालं की लग्न. नवीनचं.

निता लहानपणापासून सांगत आली होती की भाऊ नवरदेव झाला की मोरनीला डाळ मीच चारणार. फडावरून सुटून तांड्यात राहायला लागल्यापासून तिचं ते एकच वेड. आता ती वाशीमहून रजा टाकून आली होती, हिरवी साडी, केसात गजरा. आख्ख्या तांड्याला उत्सुकता लागली होती. मुसकी सुटते की नाही यावर पारावर पैजा लागल्या होत्या. मी स्वतः मुसकीच्या बाजूनं होतो, पण माझ्या ढोलवाल्यानं उलटी पैज लावली होती.

वरात निघायच्या थोडं आधी रामीबाई मोरनीला खरारा करत होती. मी जवळ गेलो.

"विनोदभाऊ, लोकायच्या पोरीले नाई म्हनलं," ती म्हणाली. "आपल्या पोरीले कोन्या तोंडानं म्हनू? अन् आज तिले हो म्हनलं, त उद्या कोनाले नाई म्हनू? सांगा."

मी ताशाचा पट्टा गळ्यात अडकवला आणि माझ्या माणसांकडे वळलो.

नवीन बाशिंग बांधून घोडीवर चढला. आम्ही वाजवायला सुरुवात केली. खेमा नायक पुढे खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी, डोळे मुसकीवर. निता डाळीचं ताट घेऊन आली, आणि ताट कसलं, परात होती ती. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काढ मुसकी, रामी," खेमा नायक म्हणाले.

रामीबाईचा हात मुसकीच्या बंदावर गेला आणि तिथेच राहिला. ना सोडत होती, ना घट्ट करत होती. मी ताशा थांबवला. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं ढोलवाला अजून वाजवतोच आहे.

निता मोरनीच्या तोंडाजवळून पुढे गेली. नवीन ज्या स्टुलावरून घोडीवर चढला होता त्यावर ती उभी राहिली आणि परातीतली मूठभर डाळ उचलली.

"नवीन, आ कर," ती म्हणाली.

नवीन बावचळला. "मी? मी काहून?"

"दाळ कोनाले चारा लागते? जो वरातीत मिरवते त्याले. मोरनी त रोजच वरातीत जाते. आज मिरवाले तू निंगाला. तोंड उघड."

आणि तिनं ती मूठ भावाच्या तोंडात कोंबली. मग दुसरी. वर गुळाचा खडा. नवरदेवाचे गाल फुगले, डोळे वटारले, बाशिंग तिरकं झालं. मग तांड्यातल्या बायकांमध्ये असा हशा पिकला की मोरनीनंही कान टवकारले. चुलत बहिणी परातीवर तुटून पडल्या, आमचाही मान आहे म्हणत. नवीन हात जोडत होता, पुरे म्हणत होता, आणि त्याचं कोण ऐकतं? वरातीत मोरनीवर काय बेतायचं ते पहिल्यांदा एका नवरदेवाला कळलं. खेमा नायकांचा चेहरा आधी आंबट झाला, मग त्यांनाही हसू आवरेना. काठी आपटत ते म्हणाले, "करवलीनं दाळ चारली. मान झाला. निंगू द्या वरात."

निता स्टुलावरून उतरली ती आईपुढे येऊन उभी राहिली. रामीबाईचा हात अजून बंदावरच होता.

"याडी," निता म्हणाली, त्यांच्यात आईला तसंच म्हणतात, "हिनं मले फडातून शाळेत आनलं. माह्या मानापायी हिचा जीव घेऊ काय मी? तुले काय वाटलं?"

रामीबाई सगळ्यांदेखत रडली. ढसाढसा रडली, आणि मला सांगायला लाज नाही, मीही रडलो. मग तिनं डोळे पुसले, लगाम निताच्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि पुढे आमच्या बँडसमोर येऊन उभी राहिली. लोकांच्या इतक्या वराती तिनं काढल्या, पण कायम घोडीचं तोंड धरून, नजर घोडीवर. त्या दिवशी ती पोराच्या वरातीत नाचली, आणि तांड्याची वेस ओलांडेपर्यंत मी ताशावरची काठी खाली ठेवली नाही.