आधी सेबे, मग गटार

असुओमाच्या बाजारात एखाद्या दिवशी कोंबडा आरवायचा चुकेल, पण पोमा मावशीचा फोन रेडिओवर लागायचा चुकत नसे. धुरावर भाजलेली मासळी टोपलीत रचायची, हात फडक्याला पुसायचे, फोन कानाला लावायचा आणि सकाळच्या कार्यक्रमात गावाचं गाऱ्हाणं मांडायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. रेडिओला रोज फोन करणारी माणसं घानात गावोगाव आहेत. कुणी पक्षाच्या पैशावर बोलतं, कुणी नुसतंच स्वतःचा आवाज ऐकायला. मावशीच्या फोनचा खर्च मासळीतूनच जायचा, आणि नवरा जिवंत होता तेव्हा त्यावरून घरात रोज एकदा तरी वाजायचं.

"देवानं कान दोन दिलेत आणि तोंड एकच," तो म्हणायचा.

"म्हणून तर दोन्ही कानांनी तुमचं ऐकते आणि एका तोंडानं पुरून उरते," मावशी म्हणायची.

तिनं पहिला फोन केला तो बाजारातले दिवे बंद पडले होते तेव्हा. तेव्हा फोन शेजारणीनं तिच्या कानाशी धरला होता. दिवे आठवड्याभरात लागले. ते तिच्यामुळे लागले की लागायचेच होते, देव जाणे, पण मावशीनं ते श्रेय जे पदरात पाडून घेतलं ते पुन्हा कुणाला दिलं नाही.

तिची एक खोड मात्र सगळ्या गावाच्या थट्टेचा विषय होती. तोंडून काही ओंगळ निघणार असेल तर आधी 'सेबे' म्हणायचं, ही तिथली रीतच आहे. सेबे म्हटलं की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही दोष लागत नाही. बाकीचे ते शिवीगाळीपुरतं, संडासापुरतं म्हणत. मावशीच्या आईनं मात्र तिला लहानपणी चापट्या मारून इतकं शिकवलं होतं की बाई गटाराचं नाव घेताना सेबे म्हणे, मेलेल्या माणसाचं नाव घेताना म्हणे, तिकडे ओंगळ मानलेल्या डाव्या हातानं सुटे पैसे द्यावे लागले तरी म्हणे. पोरं तिला सेबे मावशीच म्हणत.

"मावशी, तुम्हाला मिळतात तीन मिनिटं," कार्यक्रम चालवणारा बेडियाको रेडिओवरच म्हणायचा, "आणि त्यातली दोन जातात सेबेत."

"बरं बाबा, सेबे, उरलेल्या एका मिनिटात गटाराचं सांगते."

हे गटार म्हणजे मासळीच्या ओळीला लागून वाहणारं, कंबरभर खोल आणि उघडं. मागच्या पावसात याम कंदांचं टोपलं डोक्यावर घेऊन चाललेली एक बाई त्यात पडली आणि तिचा पाय मोडला. त्या दिवसापासून मावशीनं दुसरा विषयच घेतला नाही. निवडून आलेल्या माणसाला तिकडे सगळे 'ऑनरेबल' म्हणतात, मग तो तसा असो वा नसो. असुओमाच्या ऑनरेबल ओपारे साहेबांनी एक दिवस ट्रकभर सिमेंटच्या फरश्या आणून गटाराशेजारी रचल्या, त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतले, आणि माईक हातात घेऊन गर्जना केली, "नाताळापर्यंत हे गटार झाकलं नाही तर मला या बाजारात तोंड दाखवू देऊ नका!" दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि फरश्या घेऊन गेला. शेजारच्या गावात फोटो काढायचे राहिले होते म्हणे.

नाताळ आला, गेला. मावशीनं ती गर्जना फोनवर टिपून ठेवली होती. तिनं एका सकाळी ती रेडिओवर ऐकवली. पाच मिनिटांत ऑनरेबलांचा फोन.

"तो आवाज माझा नाहीच," ते म्हणाले. "मशीननं बनवलेला आहे. हल्ली ही मशीनं कुणाच्याही तोंडात काहीही घालतात. जनतेनं सावध राहावं."

आणि गंमत अशी, की ज्यांनी ती गर्जना समोर उभं राहून ऐकली होती तेही डोकं खाजवायला लागले. खरंच बोलले होते का ते? मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सेबे," ती म्हणाली, "पोटच्या पोराला नाकारणारे बाप पाहिले होते. पोटच्या शब्दाला नाकारणारा आज पाहिला."

ते वाक्य गावभर झालं. चहाकॉफीच्या टपऱ्यांवर लोक एकमेकांना ऐकवू लागले. इथंच कुणाला तरी ते झोंबलं असणार.

पंधरवडा गेला असेल. मावशी टोपली उतरवत होती तेवढ्यात दुफिए आली. ही टोमॅटोवाल्यांची राणी. तिकडे बाजारात प्रत्येक मालाची एक राणी असते आणि तिचा शब्द त्या ओळीत चालतो. मावशीची ती लहानपणापासूनची मैत्रीण, पण आज तिच्या चेहऱ्यावर ओळखही नव्हती.

"पोमा, हे काय बरळलीस तू?" म्हणत तिनं फोन पुढे धरला.

फोनमधून मावशीच बोलत होती. तोच घोगरा आवाज, वाक्याच्या शेवटी दम खाण्याची तीच सवय. आणि ती गावच्या राजाला, नानांना, एकेरीत हाका मारून झोपाळू म्हातारा म्हणत होती. एवढ्यावर न थांबता नानांच्या आईचा उद्धार करत होती.

मावशीनं फोन हातात घेऊन ते पुन्हा ऐकलं. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं, की आपण तापात वगैरे खरंच हे बोललो असू का? स्वतःच्याच आवाजावर विश्वास ठेवावा की स्वतःवर, हे कळेना.

"दुफिए, ही मी नव्हे गं."

"तुझा आवाज मला कळत नाही होय? पन्नास वर्षं ऐकतेय!" दुफिए म्हणाली आणि निघून गेली.

दुपारपर्यंत ते बोलणं गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. मासळी घ्यायला कुणी थांबेना. मावशीनं रेडिओला फोन केला तर बेडियाको कुजबुजत म्हणाला, "मावशी, मालकांनी सांगितलंय. नानांकडे तक्रार गेलीय, त्यांचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला घ्यायचं नाही. माझा नाइलाज आहे." संध्याकाळी नानांच्या वाड्यावरून माणूस आला. ऑनरेबलांनी तक्रार केली होती, सोमवारी हजर व्हायचं.

दोष लागला तर एक मेंढा आणि दारूच्या बाटल्या दंड. ते मावशीनं कसंही करून भरलं असतं. तिला धसका होता तो वेगळाच. नानांनी एकदा 'हिनं चारचौघांत बोलू नये' म्हटलं की संपलं, मग कुठलं रेडिओ स्टेशन तिला विचारणार? घरी बोलायला आता नवराही नव्हता. ती माणसांत होती ती त्या तीन मिनिटांपुरती. रविवारी चर्चमध्ये तिनं देवाकडे दुसरं काहीच मागितलं नाही. "माझं तोंड मला परत दे," एवढंच.

सोमवारी वाड्याच्या अंगणात तोबा गर्दी. चपला बाहेर, पुरुषांचे खांदे उघडे, नाना छत्रीखाली. नानांशी थेट कुणी बोलत नाही. सगळं बोलणं जातं ते ओच्यामेंच्या मार्फत. ओच्यामे म्हणजे नानांचं तोंड आणि नानांचे कान. असुओमाचे ओच्यामे अंत्वी सोन्याचा मुलामा दिलेली काठी घेऊन मधोमध उभे होते. उंच, हडकुळे, आणि गावात त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

ऑनरेबलांनी फोन स्पीकरला लावून सगळं ऐकवलं. शिव्या आल्या तसा गर्दीतून चुकचुकाट उठला. मावशीची पाचावर धारण बसली होती. तिला बाजू मांडायला सांगितलं तर तिच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्य बोलण्यात काढलेली बाई, नेमक्या वेळी नुसतं कापडाचं टोक पिळत उभी राहिली.

 तिला जरा धीर यावा म्हणून असेल, ओच्यामेंनी साधं काहीतरी विचारलं. "बाई, हे भांडण ज्या गटारावरून सुरू झालं ते आहे तरी कुठं? नाना बाजारात पायी येत नाहीत, त्यांना कळू दे."

"ओच्यामे, नानांना सांगा," मावशी कशीबशी म्हणाली, "टॅक्सी स्टँडकडून आत शिरलं की, सेबे, डाव्या हाताला."

ओच्यामेंची काठी हवेत थबकली.

"काय म्हणालीस?"

आता आपलं आणखी काय चुकलं, म्हणून मावशी रडकुंडीला आली. "टॅक्सी स्टँडकडून... सेबे... डाव्या हाताला..."

आधी एका म्हाताऱ्या सरदाराचे उघडे खांदे हलायला लागले. मग दुसऱ्याचे. मग सगळं अंगण खो-खो हसत सुटलं. हसले नाहीत ते एकटे ओच्यामे. ते नानांकडे वळले.

"नाना, ही बाई साधी दिशा सांगताना माफी मागते. ती तुमच्या मातोश्रींपर्यंत पोचेपर्यंत किती वेळा मागेल? या फोनमध्ये सेबे एकदाही नाही. मी नीट कान देऊन ऐकलं."

मागून बेडियाको उठला. मान खाली. "ओच्यामे, नानांना सांगा, यात माझीही चूक आहे. मावशींचं बोलणं आम्ही इंटरनेटवर टाकतो तेव्हा वेळ वाचवायला त्यातले सगळे सेबे कापून टाकतो. मशीन त्यावरून शिकलं असेल तर त्यानं मावशींच्या तोंडून सेबे कधी ऐकलेलंच नाही."

पण ऑनरेबल असे तसे हटणारे नव्हते. "रागात माणूस रीतभात विसरतं! आवाज तिचाच आहे. सगळ्यांना कान आहेत ना? आवाज खोटा कसा असेल?"

तेव्हा दुफिए उठली. कमरेला कापड घट्ट खोचत पुढे आली. "ओच्यामे, नानांना सांगा, आवाज खोटा नसतोच असं ऑनरेबल म्हणतात, ते मला पटलं. मग नाताळाची ती गर्जना त्यांचीच. आणि ती मशीनची असेल तर ही शिवीगाळही मशीनची. काय ते त्यांनी एक ठरवावं. मशीन काय त्यांच्या घरी नोकरीला आहे, हवं तेव्हा खोटं बोलायला आणि हवं तेव्हा खरं?"

 ऑनरेबल घाम पुसू लागले. शिव्या मावशीच्या म्हणाव्यात तर फरश्यांचा शब्द गळ्यात, आणि शब्द मशीनचा म्हणावा तर मावशी सुटते. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पुटपुटले, "दोन्ही... दोन्ही मशीनचेच असतील."

नाना ओच्यामेंच्या कानाशी वाकले. ओच्यामे ताठ झाले.

"नाना म्हणतात, बाईवर दोष नाही. आवाज कुणी बनवला ते शोधायला पोलीस आहेत. आणि ऑनरेबलांनी गटाराचा शब्द कधी दिलाच नव्हता हे आज कळलं, तर तो त्यांनी आत्ता द्यावा. इथं, स्वतःच्या तोंडानं. आज मशीन नाही, सगळं गाव ऐकतंय."

ऑनरेबलांनी शब्द दिला. देताना आवाज इतका बारीक झाला होता की ओच्यामेंनी तो दोनदा मोठ्यानं म्हणवून घेतला. मावशीचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच, अंगणात, कापडाच्या टोकात तोंड लपवून रडली आणि दुफिए तिची पाठ चोळत राहिली. "मेले, मला ओरडून सांगायचंस ना की यात सेबे कुठंय ते ऐक म्हणून," दुफिए म्हणाली.

"सेबे, तू थांबलीस कुठं?" मावशी नाक ओढत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं नेहमीसारखी टोपली रचली, हात पुसले, फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला, बिझी. तिसऱ्यांदाही तेच.  म्हणजे वाड्यावरचं सगळं वरवरचंच होतं तर. मालकांनी आपला नंबर आतून बंद करून टाकला, आणि बेडियाकोला सांगायचं धाडस झालं नाही. फोन मांडीवर ठेवून ती टोपलीकडे बघत बसली.

समोरच्या ओळीत कुणीतरी रेडिओचा आवाज वाढवला.

"मी भेंडीवाली बोलतेय," रेडिओवर एक कोवळा, घाबरलेला आवाज म्हणत होता. "पहिल्यांदाच फोन करतेय. सेबे, ते गटार कधी झाकणार?"

तो जातो न जातो तोच दुसरी. "मी भांडीवाली. सेबे, आमच्याही ओळीला गटार आहे हो." मग एक टॅक्सीवाला, मग शाळेतल्या बाई, मग दुफिएचा ठणठणीत आवाज, "सेबे म्हणायची माझी सवय नाही, पण आज म्हणते." मागे बेडियाको काकुळतीला आलेला, "अहो, एकेक करून! लाइन एकच आहे!"

मावशीनं फोन कमरेला खोचला. उद्या बघू, आज काही आपला नंबर लागत नाही. समोर गिऱ्हाईक केव्हाचं उभं होतं, तिनं हसत हसत त्याच्या हातात मासळी ठेवली, आणि ती डाव्या हातानं, सेबे न म्हणताच दिली हे तिच्या लक्षातच आलं नाही.