लायब्ररीवाल्या मॅडमची दोन मिनिटं

"दोन मिनिटं द्या हो बाई, फक्त दोन मिनिटं!" असं म्हणेपर्यंत आमच्या लायब्ररीवाल्या मॅडमनी तुमच्या हातातला फोन काढून घेतलेलाही असायचा. तुम्ही डबा खाताय, वह्या तपासताय, त्यांना काही फरक पडायचा नाही. त्या दोन मिनिटांत चहा थंड व्हायचा, पुढचा तास बुडायचा आणि फोनवर काहीतरी नवं येऊन बसायचं. तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असेल. नसेल तर सुखी आहात!

भाईंदर पूर्वेच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते. मॅडमनी मला नुसतं बोलून टाइप करायला शिकवलं. मी खूश! चाचणीची अख्खी प्रश्नपत्रिका वर्गात बसून बोलून काढली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं बोलावणं. प्रश्न तिसरा : 'अरे मेल्या, खिडकीतून खाली उतर.' गुण चार. मी कपाळावर हात मारला आणि मॅडम दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या.

स्वस्थ बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. पहाटे ग्रुपवर लिंक पाठवायच्या आणि प्रार्थना संपायच्या आत विचारायच्या, "बघितलंत का?" जिन्यात त्यांची चाहूल लागली की विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत लपायचे, खोटं नाही सांगत.

मुलं मात्र त्यांच्याकडे धावत जायची. शाळा दुपारी सुटते, आईबाप कामावरून रात्री येतात. घर म्हणजे एक खोली, त्यात टीव्ही, भावंडं, आजारी आजोबा. मग ही मुलं संध्याकाळपर्यंत लायब्ररीत. पुस्तक वाचून झालं की मॅडमच्या फोनवर त्याबद्दल बोलायचं. मॅडम ते साठवून त्याचा कोड पुस्तकाच्या मागे चिकटवायच्या. घरी आईच्या फोनने तो स्कॅन केला की आपल्याच पोराचा आवाज!

उत्तनच्या कोळीवाड्यातून बसने येणारी एक मुलगी एकदा समुद्रावर जाणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याच्या गोष्टीबद्दल बोलत होती. "ह्यो म्हातारा येडा हाय. वाऱ्याकडं बघत न्हाय."

"नाही म्हण गं, नाही!" मी मध्येच बोलले.

मॅडमनी माझा दंड धरला. "बोलू द्या हो बाई. त्या म्हाताऱ्याला ती ओळखते." मुलीच्या वडिलांनी म्हणे ते रेकॉर्डिंग गावभर ऐकवलं.

लायब्ररीची खोली मोठी, रस्त्याकडची, भरपूर उजेडाची. संस्थेचा तिच्यावर कधीचा डोळा होता. मॅडमची सगळी धावपळ ती खोली वाचवायलाच होती. "लायब्ररी जुनाट झाली असं कुणी म्हणता कामा नये," त्या म्हणायच्या. शेवटी त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींनाच बघायला बोलावलं. पोरांचे आवाज ऐकवले, कॉम्प्युटरवर पुस्तकं उघडून दाखवली. आम्ही सगळे अभिमानाने उभे.

सेक्रेटरी भलतेच खूश झाले. "वा मॅडम! सब मोबाइल में आ गया. फिर तो ये रूम खाली हो जाएगा ना?"

आई शपथ सांगते, मला तिथेच रडू यायला लागलं. बाईने जिवाचं रान केलं आणि तेच तिच्या अंगाशी आलं. मॅडमनी कॉम्प्युटर बंद केला.

"सर, किताबें तो मोबाइल में आ गईं. बच्चे किधर जाएंगे?"

"बच्चे घर जाएंगे, और किधर?" ते हसत म्हणाले आणि निघून गेले.

दिवाळीनंतर त्या खोलीत स्मार्ट क्लास सुरू झाला. फी वेगळी. पुस्तकांची कपाटं कुलूप लावून पॅसेजमध्ये ठेवली आणि मॅडमना ऑफिसात टेबल दिलं. तिथे त्या कुठल्या टिकायला! वर्ष संपायच्या आत पालघरकडच्या एका शाळेत गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या.

लायब्ररीतली मुलं आता गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी रेंगाळायला लागली. वॉचमन त्यांना हाकलायचा. मला बघवेना. परवा मॅडमना फोन लावला आणि मनातली सगळी जळजळ ओकून टाकली. संस्था अशी, सेक्रेटरी तसे, इथे कुणाला पोरांची पर्वाच नाही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमचा वर्ग दुपारी रिकामा असतो ना?"

"असतो की."

"मग?"

तिकडून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि फोन बंद झाला. असा राग आला मला! मी मन मोकळं करायला फोन केला आणि ही बाई मलाच कामाला लावते. संध्याकाळभर घरात भांडी आपटत होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्ग बंद केला नाही. शिपायाकडून कपाटाची चावी मागून घेतली आणि हाताला लागतील ती पुस्तकं बाकांवर आणून ठेवली. आधी एक मुलगी दारातून डोकावली, मग तिच्यामागून चार-पाच जण आत आले आणि अंग चोरून बसले. मी उगाच वह्या चाळत होते.

"बाई, आता मॅडम पण येणार?" त्या मुलीने विचारलं.

"नाही गं, त्या नाही येणार," मी म्हणाले. दारात आणखी दोघं घुटमळत उभी होती, त्यांना हाताला धरून आत घेतलं.